कबुतराची जात निवडताय? तिला काय जमत नाही ते आधी बघा

धुळ्याच्या एका भावाने प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल लिहितोय. घराच्या धाब्यावर १० बाय १२ ची पत्र्याची खोली रिकामी आहे, कबुतरांचा नाद लहानपणापासूनचा पण सवड आता मिळाली, आणि बाजारात लक्का, शिराजी, गिरेबाज, होमर, जॅकोबिन सगळं बघून मनात आलंय की प्रत्येकाची एक-एक जोडी आणून त्या खोलीत सोडायची. विचारतायत की यातली सगळ्यात चांगली जात कोणती, सगळी एकत्र राहतील का, आणि पिल्लं विकून दाण्याचा खर्च तरी निघेल का.

भाऊ, मी अमळनेरकडचा. आमच्याकडे ढाबळ, म्हणजे कबुतरं ठेवायची खोली, आजोबांपासून आहे, उडवायची आणि शोची अशी दोन्ही प्रकारची कबुतरं बरीच वर्षं ठेवलीत, त्यामुळे जे लिहितोय ते हाताखालून गेलेलं आहे. सगळ्यात चांगली जात कोणती ते मी एका शब्दात सांगू शकत नाही, कारण सकाळी तुमच्याकडे किती वेळ आहे, घरात कोणाला दम्याचा त्रास आहे का, शेजारी कसे आहेत, आसपास टॉवर आणि विजेच्या तारा किती आहेत यावर ते बदलतं. पण निवड कशी करायची ते नक्की सांगतो. लोक जात निवडताना तिच्यात काय खास आहे ते बघतात, मी उलटं बघायला सांगतो, त्या जातीला काय जमत नाही ते आधी विचारा. माणसाने कबुतरात एक गोष्ट वाढवली की दुसरी कुठली तरी कमी झालेली असतेच, आणि जी कमी झाली ती रोज भरून काढायचं काम पाळणाऱ्याच्या गळ्यात पडतं. ते काम तुम्हाला झेपणारं असेल तर ती जात तुमच्यासाठी चांगली.

हे समजायला मूळ पक्षी डोळ्यासमोर पाहिजे. मळ्यातल्या जुन्या विहिरीत वाकून बघितलं की फडफड करत जे निळसर राखाडी पारवे बाहेर पडतात, पंखावर दोन काळ्या पट्ट्या, मानेवर हिरवी-जांभळी झाक, शेपटीत साधारण १२ पिसं, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, तोच सगळ्या पाळीव जातींचा मूळपुरुष. शेपटीचा पंखा करून फिरणारा लक्का असो की एक किलोच्या वर भरणारा रंट, सगळे त्याच्यातूनच पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेले. चार्ल्स डार्विनने हे स्वतः कबुतरं पाळून तपासलं होतं, लंडनच्या दोन कबुतर क्लबांचा तो मेंबर होता, आणि १८५९ साली त्याने उत्क्रांतीवर जे पुस्तक काढलं त्याच्या पहिल्याच प्रकरणात कबुतरांवर पानंच्या पानं आहेत. त्याने पांढरा लक्का, काळा बार्ब आणि स्पॉट अशा तीन जाती घेतल्या, आधी बार्बला लक्का आणि बार्बला स्पॉट असे संकर केले, मग ती संकराची पिल्लं एकमेकांत लावली. त्यातून निघालं काय तर निळं कबुतर, पंखावर दोन काळ्या पट्ट्या, कमरेवर पांढरं, तिकडच्या रानातल्या पारव्यासारखं.

तुमच्या 'सगळ्यांची एक-एक जोडी एकत्र' या बेताचं उत्तर यातच आहे. कबुतर जोडी धरून राहतं हे खरं, पण एका खोलीत पाच जाती सोडल्या की एखादा नर मरतो, एखादी मादी उडून जाते, उरलेला दुसऱ्या जातीत जोडा लावतो, आणि दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे ना धड लक्का राहतो ना धड होमर. लक्का आणि होमरचं पिल्लू शेपटीला मधलंच काहीतरी घेऊन येतं, पंखा होण्याइतकी पिसं नाहीत आणि सरळ उडायला जी आटोपशीर शेपटी लागते तीही नाही. बाजारात असली पिल्लं कोणी घेत नाही. दुसरं म्हणजे स्वभाव. होमर आणि गिरेबाज चपळ आणि भांडखोर असतात, दाण्यावर आधी पडतात, वरची खोपी, म्हणजे अंडी घालायचे कप्पे, आधी धरतात, आणि बिचारा लक्का कोपऱ्यात उपाशी राहतो. त्यामुळे एकत्र ठेवायचंच असेल तर मधे जाळीचं पार्टिशन घाला, एका बाजूला उडणारी आणि दुसऱ्या बाजूला बसणारी. एवढी सोय झाल्यावर मग जातींचा विचार करू.

लक्क्यापासून सुरुवात करतो कारण नवीन माणूस सगळ्यात आधी त्याच्याच प्रेमात पडतो. मूळचा आपल्याच देशाकडचा मानतात. साध्या कबुतराला १२ ते १४ शेपटीची पिसं, चांगल्या लक्क्याला ३० ते ४० सुद्धा असतात, छाती पुढे, मान मागे नेऊन थरथरत चालतो, बघत राहावं असा. स्वभावाने गरीब, हातावर दाणा खातो, लहान मुलांच्या घरात याच्यासारखं कबुतर नाही. पण एवढी शेपटी वाढली ती फुकट नाही. त्याला वाऱ्यात नीट उडता येत नाही, मान मागे असल्यामुळे समोरून मांजर आलं तरी वेळेवर हलत नाही, पिसांना तेल देणारी शेपटीजवळची ग्रंथी बऱ्याच लक्क्यांत नसतेच, म्हणून पावसात भिजला की गारठतो. आणि जोडा लागतानाही शेपटी आड येते, अंडी रिकामी निघतात. त्यामुळे वीण धरायच्या आधी नर-मादी दोघांचीही गुदद्वाराभोवतीची बारीक पिसं कात्रीने कापून द्यावी लागतात, काही जण शेपटीची टोकंही छाटतात. पिल्लं मात्र स्वतः चांगली वाढवतो. म्हणजे लक्का घ्या, पण बंद जाळीत, बसायच्या फळ्या जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर आणि मांजराचा बंदोबस्त पक्का करून.

शिराजी, ज्याला बाहेरच्या देशांत लाहोर म्हणून ओळखतात, तो भारदस्त पक्षी. डोकं, पाठ आणि पंख काळे, लाल किंवा पिवळे आणि खाली सगळं पांढरं, रंगाची रेघ डोळ्याजवळून सरळ जाते, ती जितकी साफ तितका भाव. शांत, जड, उडायची फार हौस नाही. याची अडचण पायात आहे. पायावर पिसांचे मोजे असतात, आमच्याकडे पामोज म्हणतात त्याला, आणि ते मोजे दोन ठिकाणी नडतात. एक म्हणजे पावसाळ्यात ढाबळीतली घाण त्या पिसांना चिकटते आणि वाळून दगड होते. दुसरं अंड्याचं. शिराजीची मादी अंड्यावरून उठताना मी कित्येकदा जवळ बसून बघितलंय, ती हळूच उठते, एक पाय उचलते आणि त्या पायाच्या लांब पिसांत अंडं अडकून तिच्याबरोबर अंडी घालायच्या कुंडीच्या काठापर्यंत येतं. काठ बुटका असला की अंडं खाली. उपाय सोपा आहे, वीण धरताना पायाची पिसं बोटभर ठेवून कापायची आणि मातीची कुंडी जरा खोल घ्यायची, तळाला कडुनिंबाच्या बारीक काड्या घातल्या की अंडं घरंगळत नाही. एवढं केलं तर शिराजी आपल्याकडे चांगला निघतो, आणि ज्यांना सकाळी उडवायला वेळ नाही अशा नोकरीवाल्यांना मी हाच सुचवतो.

आता गिरेबाज, माझा जीव इथे आहे हे लपवत नाही. गिरेबाज दिसायला साधा, बाजारात शिराजीच्या शेजारी ठेवला तर कोणी वळूनही बघणार नाही, पण त्याला सोडल्यावर तो काय करतो ते बघा. घराच्या वर गोल-गोल फिरत चढतो, चढत-चढत ठिपका होतो, मग ठिपकाही दिसत नाही, आणि तासन्‌तास वरच राहून पुन्हा तुमच्याच छत्रीवर, म्हणजे कबुतरं बसायला उंच बांबूवर बांधलेल्या चौकटीवर, उतरतो. अकबराला या कबुतरबाजीचा एवढा नाद होता की तो त्याला इश्कबाजी म्हणायचा, अबुल फझलने आईन-ए-अकबरीत वीस हजारांवर कबुतरं असल्याची नोंद केलीय. इंग्लंडमध्ये टिपलर म्हणून उंच उडणारी जी जात आहे तिच्या स्पर्धांमध्ये कबुतरं २० तासांपेक्षा जास्त वेळ हवेत राहिलेली आहेत. आपल्याकडे गिरेबाज या एका नावाखाली बऱ्याच ओळी येतात, काळ्या शेपटीचा कलदुमा, काळ्या डोक्याचा कलसिरा, अंगावर ठिपक्यांचे, पांढरे, आणि जुने शौकीन रंगापेक्षा डोळ्यावरून पारखतात. मी मात्र रंग आणि डोळा दोन्ही नंतर बघतो, आधी त्याचे आई-बाप किती उडतात ते विचारतो, कारण उडायची ताकद रक्तातून येते आणि उरलेली रोजच्या सवयीतून.

गिरेबाजाला काय जमत नाही? तर तो लांबून घरी यायच्या कामाचा नाही. पाच-सहा किलोमीटरवर नेऊन सोडलात तर येईल, पुढे खात्री देता येत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला रोज तुमचा वेळ लागतो. चार दिवस लग्नाला गावी गेलात, पक्षी बंद राहिला, दाणा भरपूर खाल्ला, की पाचव्या दिवशी तो उडायच्या ऐवजी शेजारच्या टाकीवर बसणार आणि शेजाऱ्याचं तोंड सुरू होणार. उडवायच्या पक्ष्याला उडवण्याआधी पोटभर दाणा द्यायचाच नाही, उडून उतरला की मग द्यायचा, हा त्याच्या शिस्तीचा पाया आहे. नवीन विकत आणलेला मोठा गिरेबाज लगेच सोडायचा नाही, पंखाची मोठी पिसं मऊ पट्टीने बांधून धाब्यावर बसू द्यायचा, आजूबाजूचं सगळं नजरेत भरू द्यायचं, साधारण महिना-दीड महिना, आणि त्याने इथे जोडा लावून अंडी घातली की मग बहुतेक वेळा तो तुमचा झाला. त्याहून सोपं म्हणजे पिल्लं आणा किंवा जोडी बंद ठेवून तिची पिल्लं उडवा.

होमरचं गणित बरोबर उलटं. गिरेबाज घराच्या वर राहावा म्हणून निवडलेला, होमर घरापासून लांब नेला तरी सरळ रेषेत परत यावा म्हणून निवडलेला. आजचा रेसिंग होमर बेल्जियममध्ये एकोणिसाव्या शतकात चार-पाच जातींच्या संकरातून तयार झाला. छाती भरलेली, पिसं दाट आणि रेशमी, वजन ४०० ते ५०० ग्रॅम, ताशी ६० ते ८० किलोमीटरचा वेग सहज धरतो. आपल्या देशात ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून बेल्जियन होमर निरोपाच्या कामाला ठेवले होते, १९४८ साली पंडित नेहरूंनी संबलपूरहून कटकला पाठवलेला निरोप अशाच कबुतराने नेला. तो रस्ता कसा शोधतो यावर अजून अभ्यास चालू आहे, सूर्याची दिशा, पृथ्वीचं चुंबकत्व आणि हवेतले वास तिन्हींचा उपयोग करतो असं दिसलंय, आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जीपीएस लावून बघितलं तर ओळखीच्या भागात कबुतरं चक्क हायवे धरून उडताना सापडली. आपल्याकडे धुळ्याहून पारोळा-एरंडोल-जळगाव हा रस्ता सरळ पूर्वेला जातो, सकाळच्या सरावाला यापेक्षा सोयीचं काय पाहिजे, आधी दोन किलोमीटर, मग पाच, मग पारोळा, मग एरंडोल, पक्षी रिकाम्या पोटी आणि आभाळ साफ असेल तेव्हाच. वारा किंवा ढग असले तर त्या दिवशी नेऊच नका.

पण भाऊ, होमरची एक गोष्ट नीट वाचा कारण नवीन लोकांचे पैसे इथेच बुडतात. मोठा झालेला, उडवलेला होमर विकत आणून सोडला की तो जिथून आणला तिथे जातो. तीन महिने बंद ठेवून सोडला तरी जातो, वर्षाने सोडला तरी बरेच जातात. त्याचं घर त्याच्या डोक्यात पहिल्या उड्डाणाच्या वेळीच पक्कं बसलेलं असतं. म्हणून विकत घेतलेली होमरची जोडी कायम आतच ठेवायची, तिची पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली, नीट उडता येण्याच्या आधीच, जाळीच्या पिंजऱ्यातून धाब्यावर बसवायची, घर वरून कसं दिसतं ते बघू द्यायचं आणि मग हळूहळू सोडायचं. जोडीला आयुष्यभर बंद ठेवणं ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी होमर घेऊ नये, किंवा ओळखीच्या माणसाकडून महिन्याभराची पिल्लंच घ्यावी. मी स्वतः पिल्लंच घ्यायला सांगतो.

बाकीच्या जाती भराभर सांगतो. जॅकोबिनच्या मानेभोवती पिसांचा मोठा गळपट्टा असतो, दिसतो राजासारखा, पण बाजूचं आणि मागचं त्याला जवळपास दिसतच नाही, वीण धरताना डोळ्याजवळची पिसं कापावी लागतात, नवीन माणसाने घेऊ नये. लोटण हा आपलाच जुना पक्षी, हातात घेऊन हलवून जमिनीवर ठेवला की लोळण घेत गोल फिरत राहतो, आणि वेळेवर उचलला नाही तर थांबत नाही, त्यातच मरू शकतो. लोक जत्रेत, पाहुण्यांसमोर हा खेळ करतात, मला ते मनापासून आवडत नाही आणि मी कोणाला लोटण सुचवत नाही. पाउटर छातीतली अन्नाची पिशवी फुग्यासारखी फुगवतो, त्याला एकदम पोटभर दाणा दिला की ती पिशवी खाली लोंबते आणि दाणा आत आंबतो, थोडं-थोडं दोन-तीन वेळा द्यावं लागतं. मुक्खी छान आहे, डोकं पांढरं आणि दोन्ही पंखांची कडेची दोन-दोन पिसं पांढरी, मान सारखी हलते, पिल्लंही नीट वाढवतो, शिराजीबरोबर सहज राहतो. किंग मोठा, जाड, खाण्यासाठी तयार केलेला अमेरिकन पक्षी, दाणा भरपूर खातो. आणि ज्यांची चोच अगदी आखूड असते अशा परदेशी जाती, त्या कितीही गोड दिसल्या तरी स्वतःची पिल्लं भरवू शकत नाहीत, त्यांची अंडी दुसऱ्या साध्या जोडीखाली ठेवावी लागतात. म्हणजे एका जोडीसाठी आणखी दोन जोड्या पोसायच्या.

पिल्लं भरवण्याचं थोडं सविस्तर सांगतो कारण सगळ्या जातींत हे सारखं आहे आणि जात कशी निवडायची त्याच्याशी याचा थेट संबंध आहे. मादी दोन अंडी घालते, पहिल्यानंतर दुसरं साधारण ४० ते ४४ तासांनी, मग १७-१८ दिवस दोघंही पाळीपाळीने बसतात, सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत नर आणि बाकी सगळा वेळ मादी. पिल्लू निघाल्यावर पहिला आठवडाभर आई-बाप दोघांच्याही अन्नपिशवीत दुधासारखं घट्ट पांढरं तयार होतं, पिल्लू आपली चोच आई-बापाच्या चोचीत घालून ते ओढून घेतं. बाहेरून आपण काहीही भरवून त्याची बरोबरी होत नाही. म्हणूनच जी जात स्वतः पिल्लं भरवते तीच पहिल्यांदा घ्या, हे मी सगळ्यांना बजावून सांगतो. तीन-एक आठवड्यांची पिल्लं असतानाच मादी परत अंडी घालायला बघते, त्यामुळे एका जोडीला शेजारी-शेजारी दोन खोपी द्या, नाहीतर नवीन अंडी जुन्या पिल्लांच्या पायाखाली फुटतात.

आता खान्देशचं ऊन. पुण्या-नाशिकचे लोक जे सांगतात ते आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ च्या पुढे जातो आणि तुमची खोली पत्र्याची आहे, दुपारी आत हात घालून बघा, भट्टी असते. कबुतराला घाम येत नाही, ते चोच उघडून गळा थरथरवत उष्णता बाहेर टाकतं, आणि हवा कोंडलेली असली की तेही पुरत नाही. पत्र्याच्या खाली तुराट्यांचं किंवा बांबूच्या तट्ट्यांचं दुसरं छत करा, मधे वीतभर हवा खेळू द्या, पश्चिमेकडून ओलं गोणपाट टाका, समोरासमोर जाळीच्या खिडक्या ठेवा. पत्र्यावर कडबा टाकतात तो टाकू नका, एका ठिणगीचं काम असतं. पाणी दिवसातून दोनदा बदला, मातीच्या भांड्यात ठेवा, आठवड्यातून दोनदा अंघोळीला पसरट घमेलं द्या. माझ्याकडे एप्रिल लागला की मी नर-माद्या वेगळ्या करतो आणि पहिला पाऊस होऊन हवा निवेपर्यंत वीण धरत नाही, उन्हाळ्यातली पिल्लं बारीक राहतात आणि आई-बापही खंगतात. या उन्हात इथेच पिढ्या काढलेला गिरेबाज आणि मुक्खी सगळ्यात काटक, शिराजी सावलीत चांगला, मोठा किंग आणि बाहेरून आणलेला जॅकोबिन सगळ्यात नाजूक.

उडवणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. संक्रांतीच्या आधी-नंतर आपल्याकडे आभाळ पतंगांनी भरलेलं असतं, नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातलीय तरी तो दिसतोच, त्या दिवसांत पक्षी सोडू नका. आणि थंडीत ससाणा येतो, शिक्रा तर बारमाही आहे, एकाच वेळी रोज सोडलं की त्यांनाही वेळ पाठ होते, म्हणून वेळ मागे-पुढे करा. ससाण्याला कोणी दगड-गोफण करत असेल तर त्याला थांबवा, शिकारी पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि तो त्याचं पोट भरतोय. त्याच कायद्यात, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, रानातला होला आणि हरियालही येतात, हरियाल तर आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. कोणी 'हिरवं कबुतर' म्हणून विकायला आणलं तर घेऊ नका.

तब्येतीचं आधीच विचारलं होतं ते यासाठी. कबुतराच्या अंगावरची पांढरी पावडर आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ रोज छातीत गेली की काही लोकांच्या फुप्फुसाला सूज येते, सुरुवातीला नुसता कोरडा खोकला आणि दम, नंतर फुप्फुस कायमचं कडक होतं. २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून एवढा वाद पेटला त्यामागे हीच भीती होती. ढाबळ झाडताना मास्क लावा, आधी थोडं पाणी शिंपडा, घरात दम्याचं कोणी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका. शेजाऱ्यांची पाण्याची टाकी स्वतःच्या खर्चाने झाकून द्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. लक्का-शिराजी यात बरे पडतात कारण ते बाहेर जातच नाहीत.

खर्चाचं सरळ सांगतो. एका कबुतराला दिवसाला ३० ते ४० ग्रॅम दाणा लागतो, सहा जोड्या धरल्या तर महिन्याला १२-१३ किलो, पिल्लं असली की आणखी. आपल्याकडे बाजरी, ज्वारी, मका घरचा किंवा ओळखीचा मिळतो, त्यात हरभरा, मूग किंवा वाटाणा चौथ्या हिश्शाइतका मिसळला की झालं, सोबत विटेचा-शिंपल्याचा चुरा. पिल्लं विकून पहिल्या वर्षी खर्च निघेल असं धरू नका. एका जोडीकडून मी वर्षाला तीन-चारच वेळा पिल्लं घेतो, त्यातली काही मरतात, काही आपल्यालाच ठेवावीशी वाटतात. २०२० मध्ये बेल्जियममध्ये न्यू किम नावाची एक होमर मादी १६ लाख युरोंना विकली गेली ती बातमी सगळ्यांनी वाचलीय, पण ती किंमत तिच्या रेसच्या रेकॉर्डची होती. आपल्या बाजारात रेकॉर्ड नसलेल्या होमरला साध्या कबुतराचा भाव येतो. भाव टिकतो तो साफ रेघेच्या शिराजीला, भरलेल्या शेपटीच्या लक्क्याला आणि ज्याला चार लोकांनी उडताना बघितलंय अशा गिरेबाजाला.

तर तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? खोलीच्या मधे जाळी घातली असती. एका बाजूला शिराजीच्या दोन जोड्या किंवा लक्क्याच्या दोन, दोन्ही नाही. दुसऱ्या बाजूला गिरेबाजाच्या तीन-चार जोड्या, त्याही रोज सकाळी तासभर देता येत असेल तरच, नाहीतर तिथे मुक्खी. होमर वर्षभराने, पिल्लं आणून. दिवाळीच्या आसपास सुरू करा म्हणजे थंडीची वीण हाती येते.

घेताना बाजाराच्या पिंजऱ्यातून न घेता ज्याची ढाबळ आहे त्याच्या घरी जाऊन घ्या. पक्षी हातात धरा, दोन्ही पाय बोटांच्या मधे, अंगठा पंखावर. छातीचं हाड चाचपा, दोन्ही बाजूंना मांस भरलेलं पाहिजे, हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर आतून आजारी. चोच हळूच उघडून घशात उजेड पाडा, पिवळं चिकट काही दिसलं की ठेवून द्या, तो कँकर नावाचा घशाचा आजार, पूर्ण ढाबळीत पसरतो. नाकावरचं पांढरं कोरडं आणि स्वच्छ हवं, डोळ्यात पाणी नको, शेपटीखाली हिरवट डाग नको. एक पंख उघडून १० मोठी पिसं मोजा, मधे तुटलेली किंवा उपटलेली असतील तर का ते विचारा. मान एका बाजूला वळवतोय, दाणा टिपताना चोच चुकतेय असं दिसलं तर त्या ढाबळीतून काहीच घेऊ नका, तो विषाणूचा आजार असतो आणि त्याला औषध नाही, फक्त लस आहे. आणि 'जोडी' म्हणून दोन नर गळ्यात मारायची पद्धत फार आहे, म्हणून दोघांना पंधरा मिनिटं एका पिंजऱ्यात बघा, दोन्ही छाती फुगवून घुमायला लागले तर दोन्ही नर असण्याची शक्यताच जास्त. शक्य असेल तर अंड्यावर बसलेली किंवा पिल्लांना भरवणारी जोडीच दाखवायला सांगा, पिल्लं उडाली की घेऊन जातो म्हणून थोडे पैसे आधी द्या, आणि खोपीत वाकून त्या पिल्लांच्या अन्नपिशव्या भरलेल्या आहेत का ते बघून घ्या.